तिच्या मरणासाठी मी आडवी झाले

तिचं मरण शहराला टीव्हीने सांगितलं. मला ते आमच्या सुनेच्या हुंदक्यांवरून कळलं.

सकाळची वेळ होती. सून आतल्या खोलीत लॅपटॉपवर मीटिंगला बसलेली. तिचं ऑफिस बेळ्ळंदूरला. तिथल्या ट्रॅफिकपायी बहुतेक दिवस ती घरूनच काम करते. दार लोटलेलं आणि आतून रडण्याचा आवाज. मला वाटलं, नोकरी गेली. धावत आत गेले. तिने कॅमेरा बंद केला होता, ओढणी तोंडावर दाबून धरली होती. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. फोटोत ती बाई हसत होती आणि फोटोच्या कोपऱ्यात कुणीतरी पणतीचं चित्र टाकलं होतं.

"गेल्या हो त्या, आई," सून म्हणाली. "आजारी होत्या म्हणे. आपल्याला सांगितलंसुद्धा नाही."

मी फोटोकडे बघितलं, मग सुनेकडे. मनात पहिला विचार आला तो हा, की मी गेले तर ही मीटिंगचा कॅमेरा तरी बंद करील का.

ती म्हणजे कन्नड सिरियलमधली आई. या शहरात संध्याकाळी ज्या ज्या घरात टीव्ही लागतो, त्या घरात ती आई होती. आधी ती तान्ह्या बाळाची आई झाली, मग शाळकरी पोरांची, मग नायकाची, शेवटी सासू. नायक वर्षानुवर्षं नायकच राहतो. नटीची नाती मात्र बदलत जातात, आणि प्रत्येक नात्याला साडी बदलते. ती साडी माझी. जयनगरच्या बाजारात माझं दुकान आहे. सिरियल आणि सिनेमावाल्यांना साड्या, ब्लाउज, खोटे दागिने भाड्याने देते, आणि मोठ्या नटी असल्या की स्वतः जाऊन नेसवते.

आमचं घराणं मराठी, पण या गावात इतक्या पिढ्या झाल्या की पुणं आम्हाला परगावच. दुकान मी माझ्या लग्नातल्या साड्यांच्या एका ट्रंकेवर सुरू केलं. नवरा नको म्हणाला, दीर हसला. आज त्याच दिराच्या मुली माझ्याकडे शालू मागायला येतात आणि मी त्यांनाही भाव कमी करत नाही. प्रॉडक्शनवाल्यांशी भांडून भांडून माझा आवाज असा झालाय की घरात चहा मागितला तरी लोकांना वाटतं, मी चिडले.

या धंद्यात नट्यांची मरणं मी बरीच बघितली. एक होती, तिच्या काळात तिच्या नावावर सिनेमा चालायचा. पुढे कुठे समारंभाला बोलावलं तर माझ्याकडून साडी न्यायची आणि दुसऱ्या दिवशी स्वतः इस्त्री करून परत आणून द्यायची. एकदा साडी आली ती तिच्या शेजारणीच्या हातून. "त्या वारल्या," शेजारीण म्हणाली, "मरताना सांगून गेल्या, साडी तेवढी पोचव." कुठल्या चॅनेलवर एक ओळ नाही. दुसरी अगदी तरुण वयात गेली. तिचा नाच चॅनेलवाले आठवडाभर दाखवत होते, आणि नाचात तिच्या अंगावर माझा घागरा होता. तो परत मागायला गेले तर प्रॉडक्शनचा माणूस म्हणाला, "अक्का, आता तो घागरा पुन्हा कोण घालणार?" बरोबर होतं त्याचं. तरी मी तो आणलाच.

पण हिचं प्रकरण वेगळं. हिच्याबद्दलची माझी अढी जुनी.

मराठी मंडळाच्या गणपतीत मी नाटकं करायची, पुढे कन्नड हौशी मंडळींतही करायला लागले. आमचं कन्नड गावातलं, घरातलं, उंबऱ्यावर उभं राहून बोलायचं. तिथे एका तरुणाने मला पाहिलं. तो पहिलीच सिरियल करणार होता. आईच्या भूमिकेसाठी त्याने मला वाचायला बोलावलं आणि फोनवर जाता जाता म्हणाला, "अक्का, येताना थोड्या साड्याही आणा. चालतील की?" मी दोन पिशव्या भरून गेले. तिथे ही बसलेली. पुण्याहून एका सिनेमासाठी आली होती. तो सिनेमा आला कधी, गेला कधी, कुणाला कळलं नाही. कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. माझ्याहून थोडी लहान, गोरी, मान उंच.

दिग्दर्शक मला म्हणाला, "अक्का, तिला स्वल्प वाक्यं म्हणून दाखवा. ती नुसते ओठ हलवील, चेहरा कसा दिसतो ते बघतो."

मी म्हणून दाखवली. जीव ओतून म्हणून दाखवली, कारण मला वाटलं, हे माझंच वाचन चाललंय. ती माझ्यामागून म्हणत गेली. कुठे थांबायचं, कुठे आवाज बारीक करायचा, सगळं माझ्याकडून उचलत गेली. मग त्याने तिला माझ्याच पिशवीतली साडी नेसवायला सांगितली. मी नेसवली. त्याने कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाला, "सरी." म्हणजे ठीक. झालं. ठरलं. माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्हाला पुढच्या सिरियलला नक्की, अक्का."

रिकाम्या हाताने उठणं माझ्या स्वभावात नाही. तिथल्या तिथे त्याच्याशी बोलून त्या सिरियलच्या सगळ्या साड्यांचं काम घेतलं आणि मगच उठले. त्याची पुढची सिरियल आली, तिच्या पुढची आली. साड्या दर वेळी माझ्या, आई दर वेळी ती. भाग संपला की नावं पळतात ना, त्यात सगळ्यात खाली, जनरेटरवाल्याच्याही खाली, माझ्या दुकानाचं नाव. माझं नाव नाहीच. कलाकारांत माझं नाव यावं, एवढी एक गोष्ट मला या गावाकडून हवी होती, आणि घासाघीस करून सगळं मिळवलेल्या मला ती काही मिळत नव्हती.

सून नागपूरची. लग्न होऊन आली तेव्हा भाजीवाल्याशीही हिंदीत बोलायची. मी म्हटलं, मी शिकवते कन्नड. दोन दिवस बसली, मग म्हणाली, "आई, तुम्ही शिकवता ना, तेव्हा भांडता." आणि तिने ते कन्नड सिरियल बघून शिकून घेतलं. कुणाच्या तोंडून, हे सांगायला नको. माझं कन्नड त्या बाईकडे गेलं आणि तिच्याकडून माझ्या घरात माझ्या सुनेकडे आलं, मधे माझं नाव कुठेच नाही. पुढे बाई दुकानात ट्रायलला आली की सून मुद्दाम यायची. दोघी महाराष्ट्रातल्या. स्टुलावर बसून शेंगदाणे खात गप्पा मारायच्या आणि माझ्या कानडी वळणाच्या 'ये की', 'बस की'ला हसायच्या. मी काउंटरमागून बघायची. ही पोर माझ्यापुढे कधी असे पाय हलवत बसली नाही.

गेल्या वर्षी बाई बारीक व्हायला लागली. ब्लाउजना आतून टिपा घालताना पहिल्यांदा माझ्याच लक्षात आलं.

"काय करतेस गं?" मी विचारलं.

"डाएट, अक्का. रात्रीचा भात सोडला."

मीही रात्रीचा भात सोडला. महिनाभर उपाशी निजले, माझं काही उतरलं नाही. तिचं मात्र उतरत होतं, आणि मला वाटत होतं, हेही हिलाच जमतं.

तर ती गेली. तिचा भाऊ पुण्याहून आला आणि इस्पितळातूनच तिला घेऊन गेला. सेटवरच्या कुणालाही शेवटचं दर्शन झालं नाही. गल्लीतला गाडीवरचा भाजीवाला मला म्हणाला, "अम्मा गेल्या." त्याच्या डोळ्यांत पाणी. याच माणसाशी मी कोथिंबिरीवरून रोज भांडते. मी आजारी पडून आठवडाभर दिसले नव्हते तेव्हा त्याने 'कुठे होता' एवढंही विचारलं नव्हतं.

काही दिवसांनी दिग्दर्शक दुकानात आला. आता त्याचे केस पिकलेत. म्हणाला, "अक्का, सिरियलमधल्या आईला मारावं लागतंय. दुसरी नटी घेतली तर लोक घर जाळतील माझं. अंत्यदर्शनाचा सीन करायचाय. चेहरा दाखवायचा नाही, तो हारात झाकू. पण खाली निजायला कुणी तयार नाही. ज्युनिअर बायका म्हणतात, खरंच मेलेल्या बाईची साडी, तिची जागा, अपशकुन आहे."

"मग?"

"तिचे ब्लाउज तुम्हाला बसतात."

बसतातच. इतकी वर्षं तिच्या ब्लाउजांचं माप मी माझ्या अंगावर बघूनच कापून घेतलंय.

त्याने रकमेचं बोलायला तोंड उघडलं, मी हात वर केला. "पैशाचं राहू दे अण्णा. नाव पाहिजे."

"नाव तर असतंच की तुमचं."

"ते दुकानाचं. जनरेटरखाली. मला कलाकारांत पाहिजे. माझं स्वतःचं, पूर्ण."

"अक्का, चेहरा दिसणार नाही. वाक्य नाही. कलाकार म्हणून कसं टाकू?"

"मग सांग त्या ज्युनिअर बायकांना निजायला."

तो उठला. "निर्मात्याला विचारतो."

"इथूनच विचार. मी थांबते."

त्याने विचारलं. निर्माता सरी म्हणाला. मला वाटलं, फिटलं.

शूटिंग राजराजेश्वरीनगरकडच्या बंगल्यात होतं. हॉलमधलं फर्निचर हलवून चटई अंथरली होती. सिरियलमधला नवरा जिवंत, म्हणून बाई मुत्तैदे, आपली सवाष्ण; हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू. मी आडवी झाले. नाकात कापूस. पायाचे अंगठे दोऱ्याने बांधले. तोंड पलीकडे वळवून वर इतके हार टाकले की झेंडूचा वास घशात उतरला.

पहिल्याच शॉटला गडबड झाली. कुणीतरी माझ्या अंगावर पडून रडली आणि माझ्या निऱ्या विसकटल्या. मला डोळे मिटूनही ते कळलं. खांद्यावरचा पदर घसरला, त्याचा जरीचा काठ उलटा पडला. इतक्या वर्षांचा हात. तो आपोआप उठला आणि पदर सारखा केला.

"कट!" दिग्दर्शक ओरडला. "अक्का, तुम्ही मेलाय!"

"मेले म्हणून जरीचा काठ उलटा दाखवू?" मी हारांखालून म्हटलं.

कुणी हसलं नाही. वर बघितलं तेव्हा कळलं का ते. सगळे खरंच रडत होते. या लोकांनी तिला जाताना पाहिलं नव्हतं; त्यांचं तिच्याजवळ रडायचं राहिलं होतं, ते आता रडून घेत होते. दिवाबत्तीवाला भिंतीकडे तोंड करून उभा होता. सिरियलमधली तिची सून, जी एरवी व्हॅनमधून बाहेर यायला दहा हाका मारायला लावते, ती माझ्या पायांवर डोकं ठेवून 'अम्मा, अम्मा' करत होती.

पुन्हा निजले. या वेळी सिरियलमधला नवरा जवळ आला. म्हातारा नट, माझ्याशी त्याचं कायम धोतराच्या काठावरून वाजायचं. त्याने वाकून शेवटचं वाक्य म्हणायचं होतं. ते तो मोठ्याने म्हणाला, मग माझ्या कानाशी तोंड आणून, माइकला ऐकू जाणार नाही असं, हळूच म्हणाला, "तू पुढे गेलीस, बरं केलंस. मागे राहिलो ते वाईट." त्याच्या आसवांचा थेंब माझ्या गळ्यावर पडला. तो माझ्या कानात बोलत होता, आणि बोलत होता तिच्याशी. हारांखाली माझे दात इतके आवळले गेले की जबडा दुखला. एका बाईला किती माणसं द्यावीत देवाने! घरची तिची, सेटवरची तिची, भाजीवाला तिचा, माझी सूनसुद्धा तिची. आणि तिला निजायला अंग माझं.

"कट. ओके."

मी उठून बसले. आता एक शॉट उरला होता. आमच्याकडे रीत आहे, जो कुणी मेल्याचा सीन करतो त्याने लगेच कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. मरण अंगाला चिकटू नये म्हणून. तो शॉट टीव्हीवर जात नाही, पण घेतल्याशिवाय कुणी माणूस सेटवरून जात नाही. मी मेकअपमनकडून कुंकू सारखं करून घेतलं, केस मागे घेतले, कापूस काढला. या एका शॉटमध्ये चेहरा माझा होता. म्हटलं, नीट करू.

"हं, अक्का, इकडे बघा."

मी बघितलं. हसले. कसं हसायचं ते मी गाडीत येताना ठरवलं होतं.

"आयतु," कॅमेरामन म्हणाला. झालं.

"एवढ्यात?"

"शकुनापुरता असतो, अक्का." त्याने लेन्सवर झाकण घातलंसुद्धा. मी हॉलभर नजर फिरवली. सगळी मंडळी बाहेर आवारात डोळे पुसायला गेली होती. माझं हसणं बघायला एक माणूस होता, आणि त्याला जेवायला जायचं होतं.

पण नाव तर येणार होतं.

तो भाग लागायचा त्या संध्याकाळी मुलगा कामासाठी हैदराबादला होता. सून आणि मी दोघीच. मी तिला शूटिंगचं काही सांगितलं नव्हतं. एवढंच म्हटलं, "आज शेवटची नावं नीट बघ." तिने मान हलवली, टिश्यूचा डबा मांडीवर घेऊनच बसली होती. हॉल दिसला, चटई दिसली, हिरवी साडी दिसली. साडी छान बसली होती, कबूल करायला हरकत नाही. सूनबाईंचे डोळे वाहायला लागले. मी तिच्याकडे न बघता बघत होते. माझ्या अंगावर रडत होती ती, आणि तिला माहीत नव्हतं.

कॅमेरा पायांकडून आला. बांधलेले अंगठे मोठे होऊन पडद्यावर आले. सुनेचं रडणं एकदम थांबलं.

ती पुढे सरकली. मग माझ्याकडे वळली, मग खाली माझ्या पायांकडे. माझ्या उजव्या पायावर इस्त्री पडून भाजल्याचा काळा डाग आहे, कोयरीएवढा. चेहरा तर हारांनी पुरता झाकला होता. पायांचा विचार कुणी केलाच नव्हता.

"आई," ती म्हणाली, "हे तुमचे पाय आहेत."

"नावं येऊ दे आधी."

"अहो, तुमचे पाय आहेत हे! काय करून राहिल्या तुम्ही तिथे?" चिडली की ती नागपूरवर जाते. "कुणी निजवलं तुम्हाला? दोऱ्याने बांधलंय! आणि कापूस!"

"माझ्या मर्जीने निजले. तूच रडत होतीस ना इतका वेळ?"

"मी त्यांच्यासाठी रडत होते! तुम्हाला असं बघायला नाही!" तिने हातातला टिश्यू माझ्या दिशेने भिरकावला, तो मधेच पडला. "विचारलं का तुम्ही घरी कुणाला? काही झालं असतं म्हणजे? लोक नाही नाही म्हणत असताना तुम्हीच का जाऊन पडायचं?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी टीव्हीकडे बोट केलं. भाग संपला होता. आता नावं यायची.

नावं आलीच नाहीत. संगीत बंद झालं आणि पडदाभर तिचा फोटो आला. हसणारा. खाली कन्नडमध्ये, तुम्ही सदैव आमच्या आई राहाल. नावांची जागा सगळी तिला दिली होती.

माझं डोकं फिरलं. "मेली तरी जागा सोडत नाही!" मी ओरडले. फोन उचलून दिग्दर्शकाला लावला आणि काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो मधे मधे 'अक्का, अक्का' करत होता. सुनेने एक-दोन वाक्यांत प्रकरण समजून घेतलं आणि माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "तुम्ही भांडायला लागलात की लोक मुद्द्यावर येत नाहीत."

ती कन्नडमध्ये त्याच्याशी बोलायला लागली. सावकाश, एकेक शब्द नीट. आमच्या अत्तेंशी, म्हणजे सासूबाईंशी, तुमचं ठरलं होतं की नाही, एवढंच सांगा. थोड्या वेळाने फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "उद्याच्या भागात टाकतो म्हणतायत."

"उद्याच्या भागात मी कुठे आहे? उद्या तेरावा दाखवतायत."

"मग काय सांगू?"

"उद्या दुपारी हाच भाग पुन्हा लागतो. त्यात पाहिजे. कलाकारांत. तिचं पहिलं आलं तर येऊ दे, पण तिच्या लगेच खाली माझं."

"मधे कुणी नको?"

"मधे कुणी नको."

ती मान हलवून पुन्हा फोनकडे वळली. आवाज जरासा चढला होता तिचा. टीव्हीवर तो फोटो अजून होताच, मागे कुणीतरी भजन लावलं होतं. सून काय बोलते ते मला त्यात नीट ऐकू येईना. मी रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज बंद केला.